सोमवार ते शुक्रवार फ्रेंच

टोरांटोतल्या एखाद्या सार्वजनिक शाळेत, दुसरीच्या फ्रेंच इमर्शन वर्गात सोमवारची सकाळ वारापासून सुरू होते. मुले कार्पेटवर मांडी घालून बसतात. आज कोणता वार, काल कोणता होता, उद्या कोणता असेल? मग तारीख, मग हवा. बाहेर बर्फ पडत असेल तर एक मूल खिडकीशी जाऊन येते आणि सांगते, 'ईल नेझ'. फळ्यावर बाईंनी मुलांना चार ओळींचे पत्र लिहिलेले असते. त्यात मधली काही अक्षरे मुद्दाम गाळलेली असतात आणि ती मुलांनी भरायची असतात. वर्गातल्या बहुतेकांच्या घरी फ्रेंच बोलणारे कुणी नसते. घरी इंग्रजी असते, किंवा पंजाबी, तमिळ, मँडरिन, मराठी. पण सकाळी वर्गात पाऊल टाकल्यापासून दुपारी शाळा सुटेपर्यंत गणित, विज्ञान, चित्रे, भांडणे मिटवणे, डबा उघडायला मदत मागणे, सगळे फ्रेंचमधून चालते.

कॅनडात आज 4 लाखांहून अधिक मुले अशा वर्गांत शिकतात. भाषाशिक्षणाच्या फार थोड्या प्रयोगांचा इतका दीर्घ आणि इतका बारीक अभ्यास झाला असेल. तरीही पालकांचा प्रश्न साठ वर्षांनंतर तोच आहे: याने फ्रेंच येते का, आणि त्यासाठी दुसरे काही गमवावे लागते का? उपलब्ध संशोधन वाचल्यावर माझे मत असे झाले आहे की, हा प्रश्न वर्षांच्या हिशेबात विचारला की उत्तर धूसर येते आणि आठवड्याच्या हिशेबात विचारला की स्पष्ट होते. सोमवार ते शुक्रवार मुलाच्या कानावर कोणती फ्रेंच पडली आणि त्याच्या तोंडून किती निघाली, या दोन गोष्टींत जवळजवळ सगळे येते.

सुरुवात मॉन्ट्रिअलसमोर, सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण तीरावरच्या सेंट लॅम्बर्ट या उपनगरात झाली. 1960 च्या दशकात क्युबेक बदलत होता. फ्रेंचभाषक बहुसंख्य आपल्या प्रांतात आपली भाषा कामकाजात आणि बाजारात आणू पाहत होते. इंग्रजीभाषक कुटुंबांना दिसत होते की आपली मुले शाळेत वर्षानुवर्षे फ्रेंच हा विषय शिकतात आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी दोन वाक्ये बोलू शकत नाहीत. फ्रेंच शाळा कॅथलिक होत्या, इंग्रजी शाळा बहुतांशी प्रॉटेस्टंट, त्यामुळे मुलांना सरळ शेजारच्या फ्रेंच शाळेत घालणेही सोपे नव्हते. 1963 मध्ये ओल्गा मेलिकॉफ, म्युरिएल पार्क्स आणि व्हॅलरी नील या तीन आयांच्या पुढाकाराने पालकांचा गट जमला. त्यांनी मॅक्गिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट आणि मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांचा सल्ला घेतला. एलिझाबेथ पील आणि लॅम्बर्ट यांचा 1962 चा अभ्यास तेव्हा ताजा होता. मॉन्ट्रिअलमधली दहा वर्षांची द्विभाषक मुले बुद्धिमापनाच्या चाचण्यांत एकभाषक मुलांच्या पुढे होती, हे त्यात दिसले होते. दोन भाषांनी मुलाचा गोंधळ होतो हा तोवरचा समज त्याने हादरला. शाळा मंडळाने बराच विरोध केला, मग एका प्रायोगिक बालवर्गाला परवानगी दिली. नोंदणीच्या दिवशी 26 जागा पाच मिनिटांत भरल्या. सप्टेंबर 1965 मध्ये वर्ग सुरू झाला आणि लॅम्बर्ट व रिचर्ड टकर यांनी त्या मुलांची वर्षानुवर्षे चाचणी घेऊन 1972 मध्ये अहवालाचे पुस्तक काढले.

या कथेत मला सर्वांत मोलाचे वाटते ते पालकांचे धैर्य. सरकारने आखलेली योजना नव्हती ही. अधिकृत भाषांचा कायदा 1969 मध्ये आला, म्हणजे वर्ग सुरू झाल्यावर चार वर्षांनी. पुढे देशभर इमर्शन पसरले तेही पालकांच्या रेट्यामुळे. त्यांची संघटना 1977 पासून आजवर कामात आहे.

आता तासांचा हिशेब. ऑन्टॅरिओत प्राथमिक शाळेचा अध्यापनाचा दिवस पाच तासांचा, म्हणजे आठवड्याला 25 तास. पूर्ण इमर्शनमध्ये सुरुवातीची वर्षे हे सगळे तास फ्रेंचचे असतात. तिसरी-चौथीच्या सुमारास इंग्रजी भाषा विषय म्हणून येते आणि वरच्या वर्गांत वाटणी अर्धी-अर्धी होते. काही शाळा मंडळे पहिलीपासूनच अर्धी वाटणी ठेवतात. आठवी संपेपर्यंत इमर्शनच्या मुलाचे फ्रेंचमधून किमान 3,800 तास झाले पाहिजेत असा प्रांताचा नियम आहे. फ्रेंच हा नुसता विषय घेणाऱ्या मुलाला त्याच मुदतीत 600 तास मिळतात, ते चौथीपासून रोज चाळीस मिनिटांप्रमाणे. पण 3,800 तास ही वर्गात बसण्याची बेरीज आहे. एका मुलाच्या बोलण्याची बेरीज त्यात कुठेच नाही.

म्हणून पुन्हा त्या दुसरीच्या वर्गात जाऊ. आठवड्याला एक ध्वनी ठरलेला असतो. फ्रेंचमध्ये ओ आणि यू ही अक्षरे शेजारी आली की 'ऊ', ओ आणि आय आली की 'वा'; ई, ए, यू तिन्ही मिळून निघतो फक्त 'ओ'. शब्दाच्या शेवटी लिहिलेले अक्षर कित्येकदा बोलायचेच नसते. जसे बोलतो तसे लिहितो अशा देवनागरीत वाढलेल्याला हे विचित्र वाटते, पण इंग्रजीपेक्षा फ्रेंचचे नियम जास्त पाळले जातात. एकदा 'ओ' कळला की तो पुढच्या पन्नास शब्दांत तसाच वाचता येतो. या ध्वनीचे दहाबारा शब्द सोमवारी भिंतीवर लागतात, मंगळवारी-बुधवारी ते गाण्यात, गोष्टीत, कात्रणांत येतात आणि शुक्रवारी दिक्ते होते, म्हणजे आपले शुद्धलेखन. रोज संध्याकाळी दप्तरात प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक पातळ पुस्तक घरी येते. पानावर एक चित्र, एक ओळ आणि त्या ओळीत एकच शब्द बदललेला. आईला फ्रेंच येत नसली तरी मूल तिला ते वाचून दाखवते आणि त्यात त्याला विलक्षण अभिमान वाटतो.

गणिताचा तास वेगळा लक्ष देण्यासारखा आहे. फ्रेंचमध्ये सत्तरसाठी 'साठ-दहा' म्हणतात, ऐंशीसाठी 'चार-वीस' आणि सत्त्याण्णवसाठी 'चार-वीस-दहा-सात'. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तर-नव्वदला सरळ शब्द आहेत, पण कॅनडा फ्रान्सच्या वाटेने गेला. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'शेजारी 'वीस एक' आले तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला ते आठवून पाहावे. तिथे प्रश्न मुलाच्या स्वतःच्या भाषेतल्या संख्यांचा होता. इथे सात वर्षांचे मूल परक्या भाषेत मनातल्या मनात चार वेळा वीस करून त्यात सतरा मिळवते आणि मग फळ्यावरच्या बेरजेकडे वळते. तरीही इमर्शनच्या मुलांचे गणित इंग्रजी वर्गातल्या मुलांच्या मागे पडत नाही, हे सेंट लॅम्बर्टपासून वारंवार दिसले आहे.

विज्ञानात याच सुमारास स्थायू आणि द्रव येतात. बाई पाणी, मध, सरकीचे तेल, वाळू मांडतात. मुले ओततात, हलवतात, सांडतात आणि प्रत्येक कृतीला क्रियापद मिळते. इमर्शनची सगळी कल्पना या एका टेबलावर दिसते. मूल 'ओतणे' हा शब्द पाठ करत नाही. आधी पाणी ओतते, मग शब्द हाताला चिकटतो. फेब्रुवारीत क्युबेकच्या हिवाळी कार्निव्हलच्या निमित्ताने शाळेत आठवडाभर खेळ होतात, मार्चमध्ये बर्फावर मेपलचा गरम पाक ओतून काडीला गुंडाळून खातात. अशा आठवड्यांतले शब्द मुले वर्षानुवर्षे विसरत नाहीत.

या सगळ्याचा कानावर होणारा परिणाम थक्क करणारा आहे. पहिल्या वर्षीच्या नाताळपर्यंत मुलाला बाईंचे जवळजवळ सगळे समजते. सहावीच्या अखेरीस इमर्शनच्या मुलांचे ऐकणे आणि वाचणे फ्रेंच मातृभाषा असलेल्या मुलांच्या जवळ पोचते. प्रश्न उरतो तो जिभेचा.

'मी सात वर्षांचा आहे' हे फ्रेंचमध्ये 'माझ्यापाशी सात वर्षे आहेत' अशा घडणीने सांगतात: 'झे सेताँ'. इमर्शनचे मूल इंग्रजीच्या साच्याने 'झ स्वी सेताँ' म्हणते. शिक्षिका दुरुस्त करते आणि मूल पुढल्या आठवड्यात तेच म्हणते, कधीकधी सहावीतही. नामाचे लिंग चुकते, भूतकाळाचे दोन प्रकार एकमेकांत मिसळतात. टोरांटोच्या मेरिल स्वेन यांनी 1985 मध्ये याचा जो अर्थ लावला त्याने या क्षेत्राची दिशा बदलली. तोवर स्टीफन क्रॅशन यांचे मत प्रभावी होते: समजेल अशी भाषा भरपूर ऐकली की भाषा येते, आणि त्याचा उत्तम पुरावा म्हणून इमर्शनकडेच बोट दाखवले जाई. स्वेन यांनी दाखवले की याच मुलांनी हजारो तास समजेल अशी भाषा ऐकली आहे आणि तरी ती अशी बोलतात. ऐकताना अर्थ कळायला चार ठळक शब्द पुरतात. बोलताना मात्र प्रत्यय, काळ, लिंग सगळे स्वतः ठरवावे लागते. म्हणून बोलणे हे शिकणे संपल्याचे लक्षण मानू नये, ती शिकण्याचीच एक रीत आहे.

पुढे स्वेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसरी आणि सहावीच्या वर्गांचे ध्वनिमुद्रण करून मोजणी केली. मुलांच्या फ्रेंच बोलण्यात एका उपवाक्याहून लांब असे बोलणे 15 टक्क्यांहूनही कमी निघाले. बाकी सारे 'हो', 'नाही', 'निळा', 'मादाम, मी!' सर्वांत परिपूर्ण वाक्य म्हणजे शौचालयाला जाऊ का हे विचारणारे, कारण त्याला पर्याय नाही! शिक्षकांच्या बोलण्याचीही मोजणी झाली. त्यांची तीन चतुर्थांशाहून अधिक क्रियापदे वर्तमानकाळी किंवा आज्ञार्थी होती, भूतकाळी साधारण 15 टक्के, संकेतार्थी जेमतेम 3 टक्के. इतिहासाच्या तासाला शिक्षक गोष्ट रंगवायला वर्तमानकाळ वापरतात, म्हणजे भूतकाळ ऐकण्याची हक्काची संधीच जाते. आणि शिक्षक एकेका मुलाला 'त्यू' (तू) म्हणणार, अनेकांना मिळून 'वू' (तुम्ही). एकाच मोठ्या माणसाला आदराने 'वू' म्हटलेले मुलाने वर्गात ऐकावे कुठे? मग ते मुख्याध्यापकांनाही 'त्यू' म्हणते. यात उद्धटपणा नाही. त्याच्या आठवड्यात तो प्रसंगच आलेला नाही.

उलट बाजूही आहे. रेमों मुझों आणि कॅथरिन रेनर यांनी दाखवले की कॅनडातले फ्रेंचभाषक तरुण रोजच्या बोलण्यात 'आम्ही'साठी जवळजवळ नेहमी 'ऑं' म्हणतात, तर इमर्शनचे विद्यार्थी पुस्तकी 'नू' कितीतरी जास्त वापरतात. त्यांची फ्रेंच वर्गात जन्मली, अंगणात कधी खेळली नाही. सुट्टीची घंटा झाली की मुले पळत बाहेर जातात आणि दारातच इंग्रजी सुरू होते. यासाठी मुलांना रागावण्यात अर्थ नाही. खेळाची, भांडणाची, गुपिताची फ्रेंच त्यांना कुणी दिलेलीच नसते.

मग करायचे काय? इथे रॉय लिस्टर यांचे काम मला सर्वांत उपयोगाचे वाटते. लिला रांता यांच्याबरोबर त्यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिक्षक चूक कशी सुधारतात ते तपासले. निम्म्याहून अधिक वेळा शिक्षक चुकीचे वाक्य बरोबर करून स्वतःच म्हणत. मूल म्हणते 'ल मेझों', घराला पुल्लिंग लावून. बाई हसून म्हणतात, 'हो, ला मेझों, छान!' मुलाला ऐकू येते ते 'हो' आणि 'छान'. ते पुढे जाते. या पद्धतीने मुलाच्या तोंडून दुरुस्ती सर्वांत कमी वेळा आली. त्याऐवजी बाई थांबल्या, 'ल मेझों?' असे प्रश्नार्थक म्हणाल्या किंवा 'कसे म्हणतो आपण?' एवढेच विचारले, तर मूल स्वतः शोधू लागते. ही एक-दोन सेकंदांची गोष्ट आहे. पण असे थांबणे आठवड्यातून शंभर वेळा झाले की वर्षाअखेर फरक पडतो. लिस्टर यांचा आग्रह असा की आशय शिकवताना भाषेच्या रूपाकडे मुलाचे लक्ष मुद्दाम वळवावे, आणि नामांच्या शेवटावरून लिंग ओळखण्याचे खेळ लहान वर्गांतच घ्यावेत. व्याकरण आपोआप येईल ही आशा जुन्या इमर्शनची सर्वांत महाग चूक होती, असे मी म्हणेन.

इंग्रजीचे काय होते? सेंट लॅम्बर्टच्या मुलांचे इंग्रजी वाचन सुरुवातीला मागे होते, आणि इंग्रजीचे शिक्षण सुरू झाल्यावर फार काळ न जाता बरोबरीला आले. देशभर तेच दिसले. ही पालकांना सर्वांत दिलासा देणारी गोष्ट आणि सर्वांत चुकीच्या जागी वापरली जाणारीही. महाराष्ट्रात इंग्रजी माध्यमाचे समर्थन करताना 'लहान वयात दुसऱ्या भाषेत टाकले की मूल शिकते, कॅनडात बघा' असे म्हटले की माझ्या पोटात गोळा येतो. 'इमर्शन'ला मराठीत विसर्जन म्हणू नये ते याचसाठी. विसर्जनात मूर्ती विरघळते. इमर्शनचे मूल रोज दुपारी कोरडे होऊन इंग्रजीच्या घरात परतते. टीव्ही, दुकान, मैदान, आजोबा सगळे इंग्रजी. बालवर्गात त्याने इंग्रजीत उत्तर दिले तर बाईंना ते समजते. वर्गातली सगळी मुले फ्रेंचच्या बाबतीत सारखीच कोरी असतात, आणि बाईंची स्वतःची फ्रेंच पक्की असते. लॅम्बर्ट यांनी याला भर घालणारी द्विभाषिकता म्हटले आणि पहिली भाषा खाऊन येणारी दुसरी ती वेगळी मानली. साताऱ्याजवळच्या गावात, घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला ज्या शिक्षकाचीच इंग्रजी डळमळीत आहे अशा वर्गात बसवणे, आणि वरून मराठीला कमी लेखणे, यात बाईंची भाषा पक्की असण्याची अटच पुरी होत नाही. सेमी इंग्रजीत निदान बाकीचे विषय मराठीत राहतात.

दारातून आत कोण येते आणि मधून कोण बाहेर जाते, हा इमर्शनचा दुखरा भाग. ब्रिटिश कोलंबियात जागांसाठी रात्रभर रांगा लागल्या आणि मग सोडती आल्या. वाचनात अडखळणाऱ्या मुलाला 'हे तुला झेपणार नाही' म्हणून इंग्रजी वर्गात पाठवले जाते. मग इमर्शनमध्ये सुशिक्षित घरांची मुले उरतात आणि शेजारच्या इंग्रजी वर्गावर सगळा भार पडतो. 1970 च्या दशकात ओटावाचे रोनाल्ड ट्राइट्स म्हणत होते की काही मुलांना इमर्शन मानवत नाही, त्यांना काढावे. मॅक्गिलचे फ्रेड जेनेसी यांच्या अभ्यासांत कमी गुणांची मुले इमर्शनमध्ये तितकेच इंग्रजी शिकली जितके तशीच मुले इंग्रजी वर्गात शिकली, वर फ्रेंचही शिकली. मला जेनेसी यांचे म्हणणे पटते. वाचनाची अडचण मूल दुसऱ्या वर्गात बरोबर घेऊनच जाते. मदत करणारा शिक्षक इमर्शनच्या वर्गात आणला पाहिजे, आणि तो बहुतेक ठिकाणी फक्त इंग्रजी विभागात असतो.

सरकारी धोरणही हेलकावे खात असते. न्यू ब्रन्सविक हा कॅनडातला एकमेव अधिकृत द्विभाषक प्रांत. तिथे 2008 मध्ये पहिलीपासूनचे इमर्शन काढले, ते पुढे तिसरीपासून केले, 2017 मध्ये पुन्हा पहिलीवर आणले. पुढे सर्व मुलांना अर्धी फ्रेंच देणारी नवी योजना मांडली आणि पालकांच्या विरोधानंतर 2023 मध्ये मागे घेतली. त्या योजनेमागची समानतेची भावना खरी होती, पण शिक्षक कुठून आणणार याचे उत्तर नव्हते. शिक्षकांचा तुटवडा देशभर आहे. अधिकृत भाषा आयुक्तांनी 2019 मध्ये त्यावर स्वतंत्र अहवाल काढला. आणि इतकी वर्षे इमर्शन चालूनही 2021 च्या जनगणनेत क्युबेकबाहेर इंग्रजी-फ्रेंच दोन्ही बोलू शकणारे दहात एकाहून कमी निघाले. याचे एक कारण म्हणजे आठवी-दहावीत मुले इमर्शन सोडतात, आणि सोडल्यावर बोलायला माणूस मिळत नाही.

शेवटी आपल्या मुलांकडे येतो. मॉन्ट्रिअलला गेलेल्या मराठी कुटुंबाचा प्रश्न वेगळा आहे: 1977 च्या भाषा कायद्यानुसार नव्याने आलेल्यांची मुले सर्वसाधारणपणे फ्रेंच शाळेतच जातात, आणि आधी स्वागतवर्गात भाषा शिकतात. ते इमर्शन नव्हे. पण मिसिसागा, ब्रॅम्प्टन, ओटावा इथल्या मराठी आईबाबांना निवड करावी लागते. त्यांना बरेचदा सांगितले जाते की आधीच दोन भाषा आहेत, तिसरी कशाला. मला हा सल्ला चुकीचा वाटतो. इंग्रजी एवढीच भाषा येणाऱ्या मुलाला खुर्ची स्त्रीलिंगी का हे मुळातूनच कळत नाही. मराठी मुलाला ती खुर्ची, तो पंखा, ते कपाट हे बोलायला लागल्यापासून ठाऊक असते. 'ला शेझ' ऐकल्यावर त्याला फक्त नवी यादी शिकायची असते. तू आणि तुम्ही यांतला फरक त्याने आजीला आणि शेजारच्या काकांना हाक मारतानाच गिरवलेला असतो. 'मला भूक लागली' म्हणणाऱ्याला 'माझ्यापाशी भूक आहे' म्हणणारी भाषा फारशी परकी नसते. अर्थात ही शिदोरी कुणी उघडून दाखवली तरच उपयोगी पडते, आणि वर्गातल्या बाईंना मराठी येत नाही. ते काम घरचेच.

याला आधार देणारा एक अभ्यास आहे. स्वेन, शॅरन लॅपकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये टोरांटोतल्या आठवीच्या मुलांची फ्रेंच तपासली. ज्यांना घरची तिसरी भाषा वाचता-लिहिता येत होती ती मुले फ्रेंचमध्ये पुढे होती. घरची भाषा फ्रेंचच्या नात्यातली आहे की नाही, याने फारसा फरक पडला नाही. नुसती बोलता येणाऱ्यांना तेवढा फायदा दिसला नाही. फरक पडला तो वाचण्या-लिहिण्याने. घरी मराठी बोलतो, पुरे आहे, असे म्हणणाऱ्या पालकांनी हे वाक्य दोनदा वाचावे. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांच्या मराठी शाळा शनिवार-रविवारी भरतात. तिथे शुक्रवारच्या दिक्तेची वही दप्तरात असलेले मूल येते, जोडाक्षरांपाशी अडते आणि 'खिडकी'ची ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी विचारते. बाईंनी त्याला त्याच खिडकीचे फ्रेंच नाव विचारावे. ते लगेच सांगेल, 'ला फनेत्र', आणि दोन्हीकडे ती 'ती' आहे हे त्याच्या आधी बहुधा कुणाच्याच लक्षात आलेले नसेल.